पाठीला माती लागायचं वय

गावच्या जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान भर दुपारी सुरू होतं. नावाजलेल्या पैलवानांच्या कुस्त्या संध्याकाळी, आधी पोराटोरांच्या. आठ-दहा वर्षांची पोरं, कुस्ती नारळावर, रेवड्यांवर, नाहीतर पन्नास-शंभर रुपयांवर. हलगी वाजत असते, निम्मं गाव अजून जेवणातच असतं. एक पोरगं दुसऱ्याला उचलून आपटतं. खालचं डोळे पुसत उठतं, पाठ झटकतं आणि पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या जत्रेत पुन्हा लंगोट लावून उभं. ते विशीत येईपर्यंत त्याच्या पाठीला शंभरदा माती लागलेली असते आणि त्यातली एकही हार कुठे लिहिलेली नसते.

बॉक्सिंग, किकबॉक्सिंग किंवा एमएमए, म्हणजे ज्यात ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळंच चालतं, यांत पंचविशी-तिशीनंतर व्यावसायिक म्हणून उतरता येईल का, हा प्रश्न आला की चर्चा लगेच शरीरावर जाते. दम टिकेल का, हात तेवढा चपळ राहील का, हाडं सांभाळतील का. हे प्रश्न खरेच आहेत, पण माझ्या मते ते दुसऱ्या क्रमांकाचे. उशिरा येणाऱ्याला आधी जे कमी पडतं ते जत्रेतल्या त्या पोराकडे भरपूर असतं: फुकटात हरायला मिळणारी वर्षं. तिशीतला नवखा जे शिकतो ते तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर शिकतो आणि त्याची प्रत्येक हार इंटरनेटवरच्या नोंदीत कायमची चिकटते.

उशीर म्हणजे नेमका किती?

याचं एक उत्तर नाही, कारण प्रत्येक खेळाची शाळा वेगळ्या वयात भरते. युक्रेनचा वासिल लोमाचेन्को लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली शिकला. हौशी बॉक्सिंगमध्ये त्याची नोंद ३९६ विजय आणि एक पराभव अशी सांगितली जाते, शिवाय ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं. व्यावसायिक झाल्यावर दुसऱ्याच लढतीत त्याने जागतिक किताबासाठी हात घातला. ती लढत तो हरला आणि २०१४ मध्ये तिसऱ्या लढतीत विश्वविजेता झाला. लोकांना त्या तीन लढती दिसतात. मागच्या जवळजवळ चारशे दिसत नाहीत.

इथे हौशी आणि व्यावसायिक हा फरक नीट समजून घ्यायला हवा. हौशी म्हणजे शनिवार-रविवारचा छंद नव्हे. ऑलिंपिकचं बॉक्सिंग हौशी परंपरेतलंच. तीन फेऱ्या, गुणांवर जास्त भर, आणि एका स्पर्धेत आठवडाभरात चार-पाच वेगवेगळ्या धाटणीचे प्रतिस्पर्धी. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये नवखा चार फेऱ्यांपासून सुरू करतो आणि किताबाची लढत बारा फेऱ्यांची असते. वर्षाला तीन-चार लढती झाल्या तरी खूप. म्हणजे हौशी बॉक्सर एका स्पर्धेत जितक्या तऱ्हेचे प्रतिस्पर्धी पाहतो, तितके पाहायला व्यावसायिकाला वर्ष-दीड वर्ष लागतं. उशिरा आलेल्याचं गणित बिघडतं ते इथे.

ब्रिटनच्या अँथनी जोशुआने २००७ मध्ये, अठराव्या वर्षाच्या आसपास ग्लोव्ह्ज हातात घेतले, तर बॉक्सिंगच्या जगात तेवढंही उशिराचं धरलं गेलं. पाच वर्षांत त्याने लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलं, ती गोष्ट वेगळी. एमएमएमध्ये मात्र तिशीत पदार्पण करणारे अनेक सापडतात. यामागचं कारण समजलं की यशोगाथा वाचताना फसगत कमी होते.

उसनवारीवर आलेले आणि खरे उशिराचे

उशिरा सुरुवात करून शिखर गाठलेल्यांच्या यादीत काही नावं हमखास असतात. रँडी कुटूरने १९९७ मध्ये यूएफसी या सगळ्यांत मोठ्या एमएमए स्पर्धेत पाऊल ठेवलं तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. त्याच वर्षी हेवीवेट विजेता झाला आणि पुढे २००७ मध्ये ४३ व्या वर्षी तोच किताब पुन्हा मिळवला. डॅनियल कॉर्मिएची पहिली व्यावसायिक लढत २००९ मध्ये, वय ३०. २०१८ मध्ये ३९ व्या वर्षी तो एकाच वेळी दोन वजनगटांचा विजेता होता. क्युबाचा योएल रोमेरोही एमएमएत आला तो ३२ व्या वर्षी.

पण हे तिघे नवखे होते कुठे? कुटूर अमेरिकेतला अव्वल ग्रीको-रोमन मल्ल. कॉर्मिए २००४ च्या ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत चौथा आलेला. रोमेरो तर २००० च्या सिडनी ऑलिंपिकचा रौप्यपदक विजेता. पकड कुठे द्यायची, तोल कधी जातो, दमलेलं असताना डोकं कसं चालवायचं, समोरचा माणूस तुम्हाला दुखवायला आलाय हे मनावर न घेता कसं उभं राहायचं, हे सगळं त्यांच्या अंगात पंधरा-वीस वर्षं मुरलेलं होतं. त्यांनी दुकान बदललं, भांडवल जुनंच.

आपला विजेंदर सिंग याच रांगेतला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य, मग ऑक्टोबर २०१५ मध्ये मँचेस्टरमध्ये व्यावसायिक पदार्पण, तिशी पूर्ण व्हायला काही दिवस बाकी असताना. पुढच्या वर्षी जुलैमध्ये दिल्लीत त्याने डब्ल्यूबीओ या बॉक्सिंग संघटनेचा आशिया-पॅसिफिक किताब जिंकला आणि सलग बारा लढती जिंकत गेला. तेरावी लढत मार्च २०२१ मध्ये गोव्यात, पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजावर झाली. रशियाच्या आर्तिश लोप्सानने तिथे त्याला पहिला व्यावसायिक पराभव दाखवला. विजेंदर तेव्हा ३५ वर्षांचा होता आणि नोव्हेंबर २०१९ नंतर रिंगणात उतरला नव्हता. वयाला दोष द्यायचा की त्या खंडाला? मी खंडाला जास्त देईन. या वयात बसून राहिलेला माणूस विशीतल्यासारखा पटकन रुळावर येत नाही.

खरे उशिराचे त्या मानाने फार थोडे. अर्जेंटिनाचा सर्खिओ मार्तिनेझ फुटबॉल आणि सायकलिंग करायचा, विसाव्या वर्षी बॉक्सिंगकडे वळला. २००० मध्ये मार्गारितो या बॉक्सरकडून सपाटून हरला, स्पेनला गेला, तिथे वर्षानुवर्षं घासला आणि २०१० मध्ये ३५ व्या वर्षी मिडलवेटचा विश्वविजेता झाला. म्हणजे सुरुवात ते शिखर पंधरा वर्षं. ‘विसाव्या वर्षी सुरू करून विश्वविजेता’ असं वाचताना हा पंधराचा आकडा वाक्यात कधी दिसत नाही.

बर्नार्ड हॉपकिन्सची गोष्ट आणखी वेगळी. फिलाडेल्फियाचा हा माणूस पोरवयात गुन्हेगारीत गेला, सुमारे पाच वर्षं तुरुंगात काढली, तिथेच बॉक्सिंग पक्कं केलं आणि १९८८ मध्ये सुटल्यावर २३ व्या वर्षी व्यावसायिक झाला. पहिलीच लढत हरला. मग वर्षाहून अधिक काळ रिंगणाबाहेर. त्यानंतर जे झालं ते या खेळात पुन्हा कुणाला जमलेलं नाही: २०११ मध्ये ४६ व्या वर्षी जागतिक किताब, २०१३ मध्ये ४८ व्या वर्षी पुन्हा एक. कसा टिकला? दारू नाही, दोन लढतींच्या मध्ये वजन सुटू दिलं नाही, आणि ठोसा मारण्याइतकंच तो न खाण्याला महत्त्व दिलं. त्याच्या लढती कंटाळवाण्या आहेत अशी तक्रार असायची. ती कंटाळवाणी शैलीच त्याची पेन्शन होती.

शरीर काय देतं, काय काढून घेतं

आता त्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रश्नाकडे येऊ. दम, म्हणजे शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, तिशीनंतर बैठ्या माणसात दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरते. नियमित मेहनत करणाऱ्यात ही घसरण बरीच हळू होते. निव्वळ ताकद तर पस्तिशीपर्यंत छान टिकते. आधी जातो तो स्फोटकपणा: झटक्यात आत शिरणं, झटक्यात बाहेर येणं. म्हणूनच हलक्या वजनगटात, जिथे सगळा खेळ चपळाईचा, उशिरा आलेला माणूस शिखरावर क्वचित दिसतो आणि हेवीवेटमध्ये वारंवार दिसतो. जड माणसाचा ठोसा सगळ्यांत शेवटी म्हातारा होतो. जॉर्ज फोरमनने १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी विश्वविजेत्या मायकल मूररला झोपवलं, ते नऊ फेऱ्या जवळजवळ हरत आल्यानंतर, दहाव्या फेरीत.

नवशिक्याला खरा दगा देतात ते स्नायूबंध. स्नायू काही आठवड्यांत तगडे होतात, त्यांना हाडांशी बांधणारे दोर मात्र त्याच वेगाने बळकट होत नाहीत. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, जेव्हा माणसाला वाटतं की आता आपण तयार झालो, नेमका तेव्हाच खांदा, कोपर किंवा मनगट धरतं. करंगळीखालचं तळहाताचं हाड मोडणं तर इतकं नेहमीचं की डॉक्टर त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात. (अनुभवी बॉक्सरपेक्षा ते भिंतीवर राग काढणाऱ्यांचं जास्त मोडतं, ही त्यातली गंमत.)

यावर उपाय कंटाळवाणा आहे आणि तालमीतल्या वस्तादांना तो फार आधीपासून ठाऊक आहे. नव्या पोराला ते आधी जोर-बैठका, माती उकरणं आणि दोर चढणं यातच गुंतवून ठेवतात, लढत लांबच. जिममध्ये पहिल्याच महिन्यात समोर माणूस उभा करून देणारा कोच उत्साही वाटतो खरा, पण तिशीतल्या माणसाने त्याच्यापासून दोन हात लांब राहावं.

वजनाबद्दल एकच सांगतो, कारण त्यातून जीव गेले आहेत. लढतीच्या आदल्या दिवशी वजन मोजतात, म्हणून खेळाडू अंगातलं पाणी काढून खालच्या गटात बसतात आणि मग रात्रीत पाणी पिऊन भरून काढतात. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेच्या लढतीआधी यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी खेळाडू असंच वजन उतरवताना गेला. त्यानंतर त्या संस्थेने पाण्याची पातळी तपासायला सुरुवात केली. पाणी आटलेल्या शरीरात मेंदूला मार जास्त लागतो असं मानलं जातं. उशिरा सुरू करणाऱ्याने आपल्या नेहमीच्या वजनात लढावं. समोरचा थोडा मोठा निघाला तर निघाला.

डोक्याचं खातं

या विषयात लोक सर्वांत जास्त स्वतःची समजूत घालतात, म्हणून इथे जरा थांबतो.

१९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरांनी निवृत्त बॉक्सरांमध्ये दिसणाऱ्या एका आजारावर लिहिलं: बोलणं अडखळतं, चाल बिघडते, स्मरणशक्ती जाते. आज त्याला सीटीई म्हणतात. डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या धक्क्यांतून तो होतो, आणि त्याचं पक्कं निदान अजूनही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. महत्त्वाचं म्हणजे हा आजार केवळ मोठ्या नॉकआउटमुळे होत नाही. ज्या धक्क्यांनी माणूस खाली पडत नाही, चक्करही येत नाही, अशा हजारो लहान धक्क्यांची बेरीज त्यात असते. आणि हे लहान धक्के लढतीत कमी, सरावात जास्त बसतात.

उशिरा येणाऱ्याच्या खात्यात इथे एक जमा आहे. त्याच्या मेंदूने अजून मार खाल्लेला नाही. पंधराव्या वर्षापासून डोक्यावर झेलणारा तिशीला येईपर्यंत जितका खर्च करून बसतो, तितका याचा झालेला नसतो. वयापेक्षा झीज महत्त्वाची, असं कोच म्हणतात ते याच अर्थाने. जुनी पण कमी चाललेली गाडी.

पण ही शिल्लक उडवायची सोपी युक्ती म्हणजे घाई. नवख्याचा बचाव कच्चा असतो, म्हणून तो सरावात इतरांपेक्षा जास्त मार खातो. वेळ कमी आहे असं डोक्यात बसल्याने आठवड्यातून चार-चार वेळा जोरदार स्पारिंग, म्हणजे समोरासमोरची सरावाची लढत, मागतो. समोर विशीतली चपळ पोरं, आणि त्यांच्यापुढे मागे हटणं याच्या वयाला लाजिरवाणं वाटतं. दोन वर्षांत हा माणूस कोरा मेंदू घेऊन आलेला असतो आणि वापरलेला घेऊन घरी जातो, तेही एकही व्यावसायिक लढत न खेळता.

काय करायचं? डोक्याला हलका हात, अंगावर जोरात, असा सराव कोचशी आधी बोलून ठरवायचा. डोकेदुखी, मळमळ, उजेड सहन न होणं, झोपेचं बिनसणं यातलं काही असेल तर ते पूर्ण थांबेपर्यंत डोक्याला धक्का नको. पहिला धक्का भरून निघण्याआधी दुसरा बसला तर क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते. बऱ्याच देशांतली नियंत्रण मंडळं नॉकआउट झालेल्या खेळाडूला लढायला काही काळ बंदी घालतात, ती मेंदूला सावरायला वेळ मिळावा म्हणून.

ब्रिटनमध्ये व्यावसायिक बॉक्सिंगचा परवाना हवा तर मेंदूचा एमआरआय, डोळ्यांची तपासणी, एचआयव्ही आणि कावीळ बी-सी यांच्या रक्तचाचण्या द्याव्या लागतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ठराविक वयानंतर जादा चाचण्या मागतात. जपानमध्ये कित्येक वर्षं ३७ हे बॉक्सरचं निवृत्तीचं वय मानलं जायचं. विजेत्यांना सवलत मिळे, इतरांचा परवाना संपे. २०२३ मध्ये तो नियम काढून टाकला आणि वयाऐवजी तपासण्यांवर भर आला. हौशी बॉक्सिंगमध्ये मात्र वरची मर्यादा ४० ची. मेरी कोमलाही त्या मर्यादेने अडवलं.

जोड कोण लावतंय?

मैदानात कुस्ती जितकी आखाड्यात ठरते तितकीच जोड लावताना ठरते. कुणाला कुणासमोर उभं करायचं हे जाणणारे जुने लोक गावोगावी असतात, वजन, वय, मेहनत, एवढंच काय वस्ताद कोण हे बघून ते जोड लावतात. व्यावसायिक लढतींच्या जगात हेच काम करणारा मॅचमेकर असतो. उशिरा आलेल्याचं सगळं आयुष्य या माणसाच्या हातात असतं.

उदाहरण डिऑन्टे वाइल्डरचं. अलाबामातला हा मुलगा. लेक पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष घेऊन आली, तिच्या उपचारांसाठी त्याने कॉलेज सोडलं आणि २००५ मध्ये विसाव्या वर्षी बॉक्सिंग जिममध्ये गेला. तीन वर्षांत बीजिंगचं कांस्यपदक. म्हणजे हौशी अनुभव अगदी तुटपुंजा. मग व्यावसायिक झाल्यावर त्याच्या लोकांनी काय केलं? सहा वर्षं त्याला सोपे, जपून निवडलेले प्रतिस्पर्धी दिले. बत्तीस लढती, बत्तीस नॉकआउट, एकही चौथ्या फेरीपुढे गेली नाही. जाणकारांनी टिंगल केली. पण लोमाचेन्कोने जी शाळा हौशीत काढली ती हा पगार घेऊन काढत होता. जानेवारी २०१५ मध्ये तेहतिसाव्या लढतीत तो पहिल्यांदा बारा फेऱ्या खेळला आणि विश्वविजेता झाला. शिक्षणातली राहिलेली भोकं टायसन फ्युरीने पुढे उघडी पाडलीच, फेब्रुवारी २०२० मध्ये सातव्या फेरीत. तरी पाच वर्षं विजेतेपद राखणं म्हणजे काही कमी नव्हे.

तर उशिरा येऊनही अशी जपणूक मिळायला एकतर ऑलिंपिकचं पदक लागतं, नाहीतर डोळे दिपवणारा ठोसा, नाहीतर तिकिटं विकण्याची ताकद. तिसरी गोष्ट लोकांना माहीत नसते. ब्रिटनमधल्या छोट्या हॉलमधल्या लढतींत ‘घरच्या कोपऱ्यातला’ बॉक्सर स्वतः तिकिटं विकतो, मित्र, नातेवाईक, कामावरचे लोक यांना. त्या पैशातून समोरच्याचं मानधन निघतं, प्रमोटरचा वाटा जातो, आणि जे उरेल ते त्याचं. त्यातूनही मॅनेजर आणि कोच आपला हिस्सा घेतात. तिकिटं विकली गेली नाहीत तर लढत मिळत नाही.

तिकिटं न विकता पैसे हवे असतील तर दुसरा कोपरा आहे, पाहुण्याचा. तिथे तुम्हाला ठरलेली रक्कम मिळते आणि बहुतेक वेळा हार मिळते. बर्मिंगहॅमच्या पीटर बकलीने या कोपऱ्यातून संसार चालवला. ३०० लढती, त्यांतल्या २५६ हरला. पुढे प्रिन्स म्हणून गाजलेला नसीम हमीद त्याच्याशी दोनदा खेळून गेला. बकली वाईट बॉक्सर अजिबात नव्हता. स्वतःला फार लागू न देता, समोरच्या होतकरू पोराला फेऱ्यांचा अनुभव देत, पुढच्या आठवड्यात पुन्हा उभं राहता येईल अशा बेताने हरणं ही त्याची कला होती. इंग्रजीत अशा खेळाडूला जर्नीमन म्हणतात. २००८ मध्ये आपली तीनशेवी आणि शेवटची लढत तो जिंकला.

तिशीत आलेल्या, ओळख नसलेल्या, घाईत असलेल्या माणसाला फोन येतो तो याच दुसऱ्या कोपऱ्यातून. ‘एक खेळाडू आजारी पडलाय, आठवड्यात उभा राहशील?’ त्याला वाटतं संधी आली. समोर असतो आठ विजय, शून्य पराभव असलेला पोरगा, ज्याचा नववा विजय छापायचा आहे. बकलीला आपण कुठल्या कोपऱ्यात आहोत हे पक्कं ठाऊक होतं. नवख्याला ते तीन हारींनंतर कळतं, आणि ०-३ अशी नोंद बघून पुन्हा कुणी घरच्या कोपऱ्यात बोलावत नाही.

म्हणून मला विचाराल तर व्यावसायिक परवान्याची घाई करण्यापेक्षा हौशी लढती जितक्या मिळतील तितक्या खेळाव्यात. दहा-पंधरा तरी. चाळिशीपर्यंत दार उघडं आहे. एमएमएतही हौशी गट असतो, फेऱ्या लहान, काही घातक प्रकारांना बंदी. तिथे हरलेलं कुणी लक्षात ठेवत नाही.

आपल्याकडे

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक खास चेहरा आहे: अठ्ठावीस-तीस वर्षांचा पैलवान. तालमीत दहा-बारा वर्षं काढलेली, खुराकावर घरच्यांचा पैसा गेलेला, महाराष्ट्र केसरी हातून निसटलेली, नोकरी लागलेली नाही. त्याला एमएमए सुचवणारे आता बरेच भेटतात. सूचना चुकीची नाही. कुस्ती हे एमएमएतलं सगळ्यांत भारी भांडवल, हे आपण वर पाहिलंच. अडचण अशी की मातीतल्या कुस्तीत कुणी तोंडावर मारत नाही, आणि पाडलं की कुस्ती संपते. एमएमएत पाडल्यावर खरी सुरुवात होते. मानेला फास, हाताला कुलूप, खालून लाथ. मान पुढे काढून पटात शिरायची सवय असलेला मल्ल अलगद गळफासात येतो.

कुस्तीतून आलेला महाराष्ट्राचा भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत लढला, भारतातून तिथे पोहोचलेला पहिला. समोर चीनचा सोंग यादोंग, विसावं वर्ष पूर्ण व्हायला आठवडा बाकी असलेला. लहानपणापासून ठोसे-लाथांचा सांडा शिकलेला. लढत पहिल्याच फेरीत संपली. मी तो प्रसंग खंडारेचं अपयश म्हणून सांगत नाही. इतक्या मोठ्या मंचावर शिकावं लागणं किती महाग पडतं, ते त्यातून दिसतं.

याच्या उलट उत्तर प्रदेशची पूजा तोमर. मूळ खेळ वुशू, ही चिनी युद्धकला. वन चॅम्पियनशिपमध्ये तिने हारी पचवल्या, जानेवारी २०२० मध्ये बँकॉकला स्टॅम्प फेअरटेक्सकडून तर पहिल्याच फेरीत. मग भारतात परतून मॅट्रिक्स फाइट नाइट या एमएमए स्पर्धेत लढती जिंकत राहिली. जून २०२४ मध्ये ती यूएफसीत जिंकली, तिथे जिंकणारी पहिली भारतीय महिला.

आपल्याकडे व्यावसायिक लढतींवर कायद्याने नेमलेलं नियंत्रण मंडळ नाही. त्यामुळे वर सांगितलेल्या तपासण्या कुणी मागेलच असं नाही. त्या स्वतःच्या खर्चाने करायच्या. रिंगजवळ डॉक्टर आणि बाहेर रुग्णवाहिका आहे का, हे लढत स्वीकारण्याआधी विचारायचं, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर नाही म्हणायचं. आरोग्य विम्याचा कागद काढून वाचा: जोखमीच्या खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेतल्याने होणारा उपचारखर्च वगळलेला आहे, असं कलम बहुतेक पॉलिसींत असतं. जबड्याच्या ऑपरेशनचं बिल हातात आल्यावर ते वाचण्यात अर्थ नाही. आणि नोकरी सोडू नका. जाहीर झालेल्या आकड्यांनुसार यूएफसीतल्या नवख्यालाही लढण्याचे दहा-बारा हजार डॉलर आणि जिंकला तर तेवढेच आणखी मिळतात, वर्षातून दोन-तीन वेळा, त्यातून कोच, प्रवास आणि कर. त्याखालच्या पायऱ्यांवर तर खर्च निघाला तरी पुष्कळ.

एक गोष्ट सांगून थांबतो. कॅमेरूनच्या बातिए गावात फ्रान्सिस एनगानू लहानपणी वाळूच्या खाणीत काम करायचा. विशीत गाव सोडलं, आफ्रिका ओलांडून स्पेनला पोहोचला, तिथे कोठडीत राहिला आणि २०१३ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर आला. बॉक्सिंग करायचं म्हणून जिममध्ये गेलेल्या त्याला कोचने एमएमएकडे वळवलं. त्याच वर्षी, २७ व्या वर्षी, पहिली व्यावसायिक लढत, दुसरी हरला. जानेवारी २०१८ मध्ये यूएफसीच्या किताबाच्या लढतीत स्टिपे मिओचिचने त्याला पाच फेऱ्या दमवून हरवलं. मार्च २०२१ मध्ये त्याच मिओचिचला दुसऱ्या फेरीत झोपवून तो विजेता झाला. इतकं झाल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये, ३७ व्या वर्षी, त्याने आपलं जुनं स्वप्न गाठलं: रियाधमध्ये व्यावसायिक बॉक्सिंगचं पदार्पण, थेट तेव्हाचा विश्वविजेता टायसन फ्युरी याच्यासमोर. तिसऱ्या फेरीत फ्युरीला खाली पाडलं आणि अगदी थोड्या फरकाने गुणांवर हरला. जग वेडं झालं. चार महिन्यांनी समोर अँथनी जोशुआ उभा होता, आणि त्याने दुसऱ्याच फेरीत एनगानूला निपचित पाडलं. बॉक्सिंगमध्ये एनगानूची ती दुसरी लढत होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तो एमएमएच्या पिंजऱ्यात परतला. रेनान फेरेरा हा ताडमाड ब्राझिलियन समोर होता. एनगानूने त्याला खाली घेतलं आणि पहिल्याच फेरीत संपवलं. या खेळातल्या त्याच्या हारी २०१३ आणि २०१८ मध्येच झाल्या होत्या.